मांडीवरचा नकाशा : छोट्या विमानात टॅब्लेट बसवण्याचं एक प्रकरण

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावाबाहेर धावपट्टी आहे आणि तिच्यावर एक छोटी विमान-प्रशिक्षण संस्था चालते. हे प्रकरण तिथलं. संस्थेचं नाव, माणसांची नावं आणि विमानांचे नोंदणी क्रमांक मुद्दाम गाळले आहेत. मी तिथे साहाय्यक प्रशिक्षक होतो. यातल्या निदान दोन चुका माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

धावपट्टी वर्धा नदीच्या पश्चिमेला. दोन सेस्ना १७२, म्हणजे चार आसनी छोटी विमानं, एक हँगर, एक ऑपरेशन्सची खोली आणि तिच्या खिडकीत वाळ्याचा कूलर. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी विद्यार्थ्याला २०० तास उडावं लागतं. त्यातले २० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे आपली धावपट्टी सोडून दूरच्या ठिकाणी जाण्याचे, आणि त्यातही एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. म्हणजे वाट शोधणं हा इथला मोठा विषय.

वाट शोधायची ती मिलियन मॅपवर, म्हणजे १:१०,००,००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर. पेन्सिलने रेघ ओढायची, दर दहा मैलांवर खूण करायची, घड्याळ लावायचं आणि खाली दिसेल ते नकाशाशी जुळवायचं. पण विदर्भात जुळवायला हाती लागतं फार थोडं. दर पाच-सात मैलांवर एक गाव, गावाला एक तलाव, एक पाण्याची टाकी, थोडं मोठं गाव असेल तर एक जिनिंग. डिसेंबर-जानेवारीत जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग असतात, ते वरून छान दिसतात. एप्रिल-मेमध्ये तेही नसतात. नांगरून पडलेली काळी शेतं, आणि नकाशावर जिथे निळी रेघ आहे तिथे खाली पांढरी रेती. पोरगं नदी शोधत असतं आणि नदी तर आटलेली. उलट समृद्धी महामार्ग आकाशातून इतका ठळक दिसतो की आंधळाही ओळखेल, पण आमच्या जुन्या नकाशांवर तो नाहीच. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, नकाशे त्याच्या कितीतरी आधीचे.

त्यामुळे टॅब्लेट घ्यावा ही मागणी विद्यार्थ्यांची होती, आणि ती रास्त होती.

पहिली खरेदी

संस्थेने नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून एक टॅब्लेट आणला. अकरा इंची, देखणा. निवडताना एकच निकष होता : नकाशा मोठा दिसला पाहिजे. सोबत मी गेलो होतो. दुकानदाराला मी विचारलं, यात जीपीएस आहे का? तो म्हणाला, “आहे नं जी सर, मॅप चालते नं याच्यात.” आणि खरंच त्याने नकाशा उघडून दाखवला. निळा ठिपका बरोब्बर बर्डीवर.

ही माझी पहिली चूक. ते मॉडेल फक्त वाय-फायचं होतं. अशा बऱ्याच टॅब्लेटमध्ये उपग्रहाचे संकेत घेणारी चिप नसतेच. आयपॅडमध्येही वाय-फाय मॉडेलला ती नाही, सिमकार्डवाल्या मॉडेलला आहे, आणि सिम टाकलं नाही तरी ती चालते. दुकानात दिसलेला ठिपका आसपासच्या वाय-फायच्या जाळ्यांवरून काढलेला होता. धावपट्टीवरही तो दिसला, कारण ऑपरेशन्सच्या खोलीत राउटर आहे. उड्डाणानंतर दोन मिनिटांत ठिपका गोठला, आणि नंतर अर्धा तास आम्ही नकाशावर हँगरपाशीच उभे होतो.

तोड म्हणून ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, डॅशबोर्डवर ठेवायचा. ठिपका चालू लागला. पण आता दोन बॅटऱ्या, दोन चार्जर आणि एक ब्लूटूथची जोडणी, एवढं सगळं सांभाळणं आलं.

टॅब्लेट लावला कुठे? समोरच्या काचेवर, डाव्या बाजूला, रबरी चकतीच्या होल्डरने. मोटारीत लावतात तसाच. तो लावला तेव्हा कोणी काही मोजलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी काय झालं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर जाऊन परत यायचं होतं. डाव्या सीटवर पुसदकडचा एक विद्यार्थी, उजवीकडे मी. नागपूरची नियंत्रित हवाई हद्द टाळायची म्हणून जाता-येता वळण पवनीवर ठेवलेलं. तिथे वैनगंगा आणि गोसीखुर्दचा जलाशय, चुकायला जागाच नाही.

जाताना सकाळ होती, सगळं सुरळीत. बिरसीला आमच्याच कागदपत्रांच्या घोळात तास-दीड तास गेला. विमान उन्हात उभं आणि टॅब्लेट काचेवर तसाच. परत निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. टॅब्लेटला हात लावला तर तव्यासारखा. तरी सुरू झाला, म्हणून आम्ही निघालो.

इथे पहिला निर्णयबिंदू होता आणि तो आमच्या लक्षातच आला नाही. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराचं तापमान ०° ते ३५° सेल्सियस देतं. इतरांचे आकडेही साधारण याच्या आसपास फिरतात. हा आकडा भोवतालच्या हवेचा आहे, काचेमागे उन्हात भाजलेल्या वस्तूचा नाही. आमच्याकडे नवतपा यायच्या महिनाभर आधीच सावलीत ४२° असतं. बंद कॉकपिटमध्ये किती होत असेल, ते तिथे हात टेकवून बघावं.

पवनीला वळलो, पश्चिमेकडे तोंड केलं. पुढची खूण हिंगणघाट. पवनीहून सुमारे ४५ मैल, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. पडदा आधी मंद झाला, मग तापमानाची सूचना आली, मग काळा.

विद्यार्थ्याने जे केलं ते कोणीही केलं असतं. टॅब्लेट होल्डरमधून काढला आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात हवा येते त्या नळीपुढे धरला. १७२ च्या पंखाच्या मुळाशी ही ओढून उघडायची नळी असते. मग दोन-दोन मिनिटांनी बटण दाबून बघणं सुरू झालं. मी गप्प बसलो होतो, हेतुपुरस्सर. किती वेळात त्याचं लक्ष परत बाहेर जातंय ते मला बघायचं होतं. आठ मिनिटं गेली. तोवर दिशा उजवीकडे वीसेक अंश ढळली होती.

हिशेब सोपा आहे. साठ मैलांत एक अंश म्हणजे एक मैल. १०० नॉटच्या, म्हणजे तासाला १०० सागरी मैलांच्या, वेगाने आठ मिनिटांत तेराएक मैल. वीस अंशांनी चुकलो तर चार मैलांहून थोडं जास्त आपण रेघेच्या उत्तरेला, म्हणजे नागपूरच्या बाजूला.

खाली चौपदरी रस्ता आला आणि रस्त्यावर गजबज दिसली. “हिंगणघाट, सर,” तो म्हणाला. मी विचारलं, “रूळ कुठं आहेत?”

हिंगणघाटला महामार्ग आहे, वणा नदी आहे आणि सेवाग्रामहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही आहे. खाली फक्त रस्ता होता. त्याने तेव्हा पहिल्यांदा सीटमागून कागदी नकाशा काढला, बोट ठेवलं आणि ओशाळून म्हणाला, “सर, हे जाम दिसते.” जाम गावाच्या चौरस्त्याजवळ आलो होतो. डावीकडे वळून रूळ गाठले आणि रूळ धरून हिंगणघाट. या सगळ्या वेळात तो टॅब्लेट त्याच्या मांडीवर होता. हिंगणघाटनंतर सुरू झाला. त्याने तो परत काचेवर लावला. मी लावू दिला. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा फार मोठी.

आता दुपारचे उष्ण झोत उठायला लागले होते, विमान उखळातल्या मुसळासारखं वरखाली होत होतं. आमची धावपट्टी समोर, उंची जेमतेम तीनशे फूट. त्या वेळी चकती सुटली. तापलेलं रबर, वाकडी काच आणि अर्ध्या किलोपेक्षा जड टॅब्लेट. तो पडला तो नेमका विद्यार्थ्याचं पोट आणि कंट्रोल व्हील यांच्या मधे.

हे नीट समजून घ्या. उतरताना नाक उचलायला व्हील मागे ओढावं लागतं. मागे ओढायला जागाच उरली नव्हती. आणि मी “माझ्याकडे द्या” म्हणून काही फायदा नव्हता, कारण दोन्ही व्हील आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्याचं मागे येत नसेल तर माझंही येत नाही. मी पूर्ण पॉवर दिली. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, खाली असताना १७२ ला पूर्ण पॉवर दिली की नाक आपोआप वर जातं, ते दाबून धरायला व्हील पुढे ढकलावं लागतं. व्हील पुढे गेलं, जागा झाली, पोराने टॅब्लेट उपसून मागच्या सीटवर फेकला. एक चक्कर मारून उतरलो.

हँगरमध्ये मदतनीस काका आले, टॅब्लेट उचलायला गेले आणि हात झटकत म्हणाले, “सर, याच्यावर तं पापड भाजून निंगन.” नंतर त्यांनी तो माठाखालच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेला आम्हाला सापडला. हेतू चांगला होता, पण चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं आणि तो टॅब्लेट संपला.

कोणते पर्याय होते

मुख्य प्रशिक्षक सर हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचं पहिलं मत सरळ होतं : बंदी. “आम्ही घड्याळ आणि होकायंत्रावर आख्खा देश फिरलो.” या मताला वजन होतं. पण बंदीची अडचण सरांनाही माहीत होती. विद्यार्थी एकट्याने उडेल तेव्हा खिशातला फोन काढणारच. तो फोन कुठे ठेवेल, कशाला बांधेल, हे मग आपल्या हातात राहत नाही. दोन दिवसांनी सर स्वतःच म्हणाले, “चोरून वापरतील त्यापेक्षा समोर वापरू द्या. पण आधी मला पडलेलं यंत्र कुठे जाईल ते दाखवा.”

त्या एका वाक्याने प्रश्न उलटा झाला. तोवर आम्ही टॅब्लेट कोणता घ्यायचा यावर बोलत होतो. आता तो कुठे बसेल हे आधी ठरणार होतं, आणि बसेल त्या जागेने आकार ठरवायचा होता.

देखभालीच्या इंजिनिअर साहेबांनी एक रेघ लगेच ओढली. पॅनेलवर किंवा दरवाज्याच्या खांबावर भोक पाडून स्टँड बसवणं म्हणजे विमानात बदल करणं. त्याला मंजुरी लागते. “स्क्रू मारायचा असेल तर आधी कागद आणा,” एवढं म्हणून ते चहाला गेले. म्हणजे न खोलता काढता-घालता येईल असंच काही हवं.

मग त्यांनीच चहावरून येताना कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. त्यातून तीन ‘टॅब्लेट’ कापले : अकरा इंची, दहा इंची, आठ इंची. चार हजारांचा होल्डर आणि चाळीस हजारांचा टॅब्लेट घेण्याआधी फुकटच्या पुठ्ठ्याने सगळी परीक्षा झाली. आधीच्या खरेदीच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

कंट्रोल व्हीलवर, म्हणजे योकवर, चिमट्याने लावायचं हा सगळ्यांचा आवडता पर्याय होता. नजरेसमोर राहतं, मान फार खाली घालावी लागत नाही. पुठ्ठा दोरीने बांधला आणि उड्डाणाआधी करतो तशी तपासणी केली : व्हील पूर्ण मागे, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. अकरा इंची पहिल्याच फेरीत बाद, कोपरा मांडीत रुतला. दहा इंची मध्यम उंचीच्या विद्यार्थ्याला चालला, पण पॅनेलच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली मास्टर (मुख्य विजेचं) आणि दिव्यांची बटणं त्याने झाकली. आठ इंची उभा लावला तर बहुतेकांना जमला. मग आमची सर्वांत ठेंगणी विद्यार्थिनी बसली. पॅडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून ती सीट पार पुढे घेते. तिच्यासाठी आठ इंचीही व्हील पूर्ण मागे येऊ देत नव्हता. सरांनी माझ्याकडे फक्त बघितलं. तीनशे फुटांवरची ती गोष्ट पुन्हा, फक्त या वेळी आम्ही हाताने बांधलेली.

हा खरा निर्णयबिंदू. बाकीच्या आठ-नऊ जणांना चालतं म्हणून योक स्वीकारायचा आणि एकीला वेगळा नियम लावायचा? मी त्या बाजूचा होतो. सरांचं म्हणणं वेगळं होतं. प्रशिक्षणाच्या विमानात सकाळी एक बसतो, तासाभराने दुसरी. होल्डर काढायला कोणीतरी विसरणारच. त्यांचं बरोबर होतं.

दरवाज्याच्या बाजूला मुंडी फिरणाऱ्या आर्मवर लावता आला असता, पण तो घाईत उतरताना आडवा येतो. काच तर बादच झाली होती. काचेबद्दल आणखी एक : विमानाची काच ही काच नसते, ॲक्रिलिक असतं. मोटारीसाठीचा जोरात ओढणारा होल्डर तिला बरा नाही.

उरली मांडी.

मांडीचे तोटे आम्ही कागदावर लिहिले, कारण तिच्या प्रेमात कोणीच नव्हतं. मान खाली जाते. तापलेल्या मांडीची ऊब टॅब्लेटच्या पाठीला लागते. उजव्या मांडीवर बांधला तर उड्डाणाची नोंद लिहायचा कागद कुठे ठेवायचा? पण सुटून पडला तरी तो पायाशी पडेल, पोट आणि व्हीलच्या मधे नाही. आणि पॅनेलच्या सावलीत राहील. उन्हाच्या देशात हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोठा.

काय केलं

टॅब्लेट निवडणं आता सोपं होतं. आठ इंचाच्या आसपासचा, स्वतःची जीपीएस चिप असलेला, जमल्यास बॅटरी काढता येणारा. आयपॅड मिनी ८.३ इंची, वजन ३०० ग्रॅमच्या घरात, पडदा उत्तम. फोरफ्लाइट हे प्रसिद्ध ॲप ॲपलच्या यंत्रांसाठीच आहे, त्यामुळे अमेरिकेतले वैमानिक आधी ॲप निवडतात आणि मग यंत्र आपोआप ठरतं. आमच्या गरजा एवढ्या नव्हत्या. आम्ही सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेतला आठ इंची घेतला. जरा जड, दिसायला ओबडधोबड, पण बॅटरी हाताने काढता येते. एक बॅटरी कूलरसमोर, एक विमानात.

त्यावर एक्ससीसोर हे मोफत ॲप टाकलं. ते मुळात ग्लायडरवाल्यांचं, पण ठिकाण, रेघ आणि हवाई हद्द दाखवायला पुरेसं. हद्दींची माहिती मजकुराच्या फाइलमधून घालता येते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमधून, म्हणजे हवाई माहितीच्या अधिकृत ग्रंथातून, आम्हाला लागणाऱ्या हद्दींचे अक्षांश-रेखांश एकाने टाइप केले, दुसऱ्याने मोठ्याने वाचून ताडले. पहिल्या ताडणीत दोन आकडे चुकलेले सापडले, त्यातल्या एकाने नागपूरच्या हद्दीचा कोपरा भलतीकडेच नेऊन ठेवला होता. ही माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखांना लाल गोल. नकाशे आदल्या संध्याकाळी वसतिगृहात उतरवून ठेवायचे. धावपट्टीवरच्या नेटवर विसंबायचं नाही, आणि वर गेल्यावर तर ते धरायचंच नाही.

मांडीवरची पाटी गावातल्या चपला करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. जाळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली रबराची चार बुटकी बटणं म्हणजे मांडी आणि टॅब्लेट यांच्यात बोटभर हवा खेळते, आणि रुंद इलॅस्टिकचा पट्टा. त्याने विचारलं, “गुडघ्याले मार लागला का जी कोनाले?” साडेसहाशे रुपये घेतले. लिहायचा कागद डाव्या मांडीवर गेला. डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठी उलट.

चुंबक असलेलं कव्हर घ्यायचं नाही, हे आम्ही होकायंत्राशेजारी एक कव्हर नेऊन बघितल्यावर ठरलं. सुई अशी फिरली की सगळे हसले. पोलराइज्ड गॉगल घालून पडदा बघा, हेही तसंच : आडवा धरला तर दिसे, उभा धरला की काळाठिक्कर. दोघा विद्यार्थ्यांना गॉगल बदलावे लागले.

चार्जरवर मात्र वेळ गेला. आमच्या १७२ ची वीज २८ व्होल्टची. मोटारीचा फक्त १२ व्होल्टला चालणारा चार्जर तिथे लावायचाच नाही. १२ आणि २४ दोन्हींना चालणारा हवा. तसा एक स्वस्तातला आणला. तो लावला की रेडिओत खरखर, टॉवरचं बोलणं त्यात बुडून जाई. दुसरा आणला, थोडी कमी खरखर. शेवटी सरांनी उडताना चार्जिंगच बंद केलं. चार्ज होताना यंत्र आणखी तापतं, मग कशाला?

नियम लिहून लावले, पण थोडे. विमान उभं असेल तेव्हा टॅब्लेट माणसाबरोबर उतरेल. पडदा काळा झाला तर त्याला हात लावायचा नाही. आधी दिशा, मग घड्याळ, मग कागद. पहिलं एकल क्रॉस कंट्री होईपर्यंत टॅब्लेट नाही. आणि ज्या उड्डाणात टॅब्लेट आहे, त्यात प्रशिक्षक एकदा तरी न सांगता तो बंद करेल. मला हे शेवटचं करायला फार आवडतं.

एक अनपेक्षित गोष्ट

जूनच्या आधी आणखी एक घोळ समोर आला. टॅब्लेटवर उंची दिसते आणि विमानातल्या अल्टिमीटरवरही. दोन्ही जुळेनात. अल्टिमीटर ३,५०० फूट दाखवी तेव्हा टॅब्लेट अडीचशे-तीनशे फूट जास्त. एका विद्यार्थ्याने टॅब्लेट खरा मानून विमान खाली आणलं.

तांत्रिकदृष्ट्या टॅब्लेट खरोखरच खऱ्या उंचीच्या जवळ होता. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि हवा प्रमाणित तापमानाची आहे असं धरतो. आमच्या धावपट्टीच्या उंचीला ते प्रमाण तेरा अंशांच्या आसपास. खाली ४२ असताना हवा फुगलेली, म्हणून विमान दाखवतो त्याहून वर असतं. पण आकाशात सगळे अल्टिमीटरवर उडतात. समोरून येणारा ३,५०० वर आहे तो त्याच्या अल्टिमीटरच्या ३,५०० वर. आपण एकट्यानेच ‘खरं’ उडायचं म्हणजे सगळे डावीकडून चालले असताना आपण उजवीकडून चालण्यासारखं. टॅब्लेटवरची उंचीची चौकट आम्ही लपवून टाकली. फळ्यावर मात्र हा हिशेब अर्धा तास चालला. आधी पुस्तकात वाचून कोणाच्या डोक्यात शिरला नव्हता तो त्या दिवशी शिरला.

निष्पत्ती

त्या मे महिन्यात टॅब्लेट दोनदा तापून बंद पडला, दोन्ही वेळा जमिनीवर, दोन्ही वेळा कोणीतरी तो विमानात विसरल्यामुळे. हवेत एकदाही नाही. मात्र त्यातलं श्रेय टॅब्लेटला किती आणि उड्डाणं सकाळी सहा ते नऊमध्ये आणली त्याला किती, हे सांगणं कठीण आहे. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त वेळापत्रकाला.

मांडीच्या पाटीची किंमतही मोजावी लागली. दोघांना मान खाली-वर करून मळमळायला लागलं. एकाने चक्क सांगितलं, मला नको, मी कागदावर बरा आहे. तो आजही कागदावरच उडतो आणि सगळ्यांत अचूक उडतो. टॅब्लेट वापरणाऱ्यांचं बाहेर बघणं कमी झालं, हे प्रशिक्षकांच्या नोंदींत वारंवार आलं. ते पूर्ण सुटलेलं नाही.

योकवरचा चिमटा आम्ही टाकून दिला नाही. प्रशिक्षक एकटे विमान दुसरीकडे नेतात तेव्हा तो लावतात, आणि लावल्यावर व्हील चारही टोकांना फिरवून त्याची नोंद लिहितात.

पुन्हा करायचं झालं तर

काचेवरची ती घटना संस्थेच्या सुरक्षा व्यवस्थापकाकडे त्याच दिवशी लिहून द्यायला हवी होती. मी पाच दिवस लावले. कारण लाज, दुसरं काही नाही. त्या पाच दिवसांत दुसऱ्या विमानात तसाच होल्डर लावलेला होता.

जामच्या वाटेवर मी आठ मिनिटं गप्प बसलो, त्याबद्दल अजून दोन मतं आहेत. सर म्हणतात चार मिनिटं पुरली असती. आठव्या मिनिटाला नागपूरची हद्द जवळ येत होती. मला वाटतं, त्या पोराला रुळांचा प्रश्न आयुष्यभर लक्षात राहील तो त्या आठ मिनिटांमुळे. पण हिंगणघाटनंतर टॅब्लेट परत लावू देणं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुकानातली तपासणीही वेगळी करता आली असती. विमान-मोड चालू करायचा, वाय-फाय बंद, बाहेर रस्त्यावर येऊन पाच मिनिटं चालायचं. ठिपका आपल्याबरोबर चालला तर घ्यायचा. बर्डीच्या गर्दीत पाच मिनिटं चालणं अवघड, हे मान्य.

पुठ्ठ्याचे ते तीन तुकडे इंजिनिअर साहेबांनी फेकू दिले नाहीत. गेल्या महिन्यात ते पुन्हा निघाले. संस्था एक दोन आसनी विमान घ्यायच्या विचारात आहे, त्यात व्हील नाही, दोन्ही मांड्यांच्या मधून वर येणारी काठी आहे. उजव्या मांडीवरची पाटी काठी पूर्ण उजवीकडे जाऊ देईल का? नमुन्याचं विमान बघायला जाताना साहेबांनी आठ इंची पुठ्ठा, चांभाराची पाटी आणि आमची ठेंगणी विद्यार्थिनी, तिन्ही सोबत नेले.